दुसऱ्या संसाराचा हक्क

मुदखेडहून हिमायतनगर-किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मराठी, तेलुगू, उर्दू आणि बंजारा या भाषांच्या संगमावर वसलेले असून, मराठा, धनगर, बंजारा, बौद्ध, मुसलमान, लिंगायत, मन्नेरवारलू अशा नाना समाजांचे संसार तेथे एकाच बाजारपेठेच्या आधाराने चालतात. या मुलखातील एखाद्या स्त्रीचा पती अकाली निवर्तला, अथवा त्याने तिला टाकले, अथवा तिनेच न्यायालयातून फारकत मिळवली, म्हणजे विधवा, परित्यक्ता किंवा घटस्फोटिता यांपैकी एका सदराखाली तिचे नाव सरकारी दप्तरात दाखल होते. निराधार अनुदानाचा अर्ज, वारसाचा फेरफार, पोटगीचा दावा या कागदांतून तिने काय गमावले याची नोंद वर्षानुवर्षे होत राहते. पुढे तिचे दुःख निवले का, तिला पुन्हा कोणी जिवाचे माणूस भेटले का, आणि भेटले असल्यास ते स्वीकारण्याची मोकळीक तिला होती का, हा प्रश्न मात्र दप्तराबाहेरही राहतो आणि घरच्या बोलण्याबाहेरही. त्या प्रश्नाचा, मराठवाड्याला मध्यभागी ठेवून, इतिहास, कायदा आणि आजची स्थिती अशा तिन्ही अंगांनी आढावा घेण्याचा येथे संकल्प आहे. पुनर्विवाहाची मुभा या भूमीतील बहुसंख्य समाजांच्या स्त्रियांना फार पूर्वीपासून होती आणि आज कायद्याने ती सर्वांनाच आहे. त्या मुभेबरोबर जे यावयास हवे होते, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीचा आधार आणि चारचौघांत उजळ माथ्याने वावरण्याची प्रतिष्ठा, ते मात्र अद्याप आलेले नाही, असे आमचे मत आहे, आणि पुढील विवेचन त्या मताच्या पुष्ट्यर्थच आहे.

विधवाविवाहाचा प्रश्न म्हटला की सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचा एकोणिसावा शतकी वाद उभा राहतो; परंतु शेतकरी, कारागीर आणि अलुते-बलुतेदार समाजांत पाट किंवा मोहतूर लावण्याची वहिवाट त्याच्या कितीतरी आधीपासून रूढ होती. मराठेशाहीच्या जमाबंदीत पाटदाम नावाचा कर होता, यावरूनच ती वहिवाट राज्यसत्तेने मान्य केलेली होती हे उघड होते. आणि काडीमोड घेऊन, पंचांसमक्ष सोडचिठ्ठी देऊन मोकळे होण्याचा रिवाजही अनेक जातींत होता. निजामाच्या रियासतीतील जातीजमातींचे वर्णन करणारा सय्यद सिराज उल् हसन यांचा ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला, त्यातही विधवेला पुन्हा संसार थाटण्याची मोकळीक असलेल्या जाती पुष्कळ आढळतात. तथापि ही मोकळीक देताना समाजाने तिच्यावर कमीपणाचा शिक्का मारण्याची खबरदारी घेतलेली होती. लग्न दिवसा, वाजतगाजत आणि अक्षतांच्या वर्षावात व्हावयाचे. पाट मात्र बहुधा रात्री, मोजक्या माणसांत, सुवासिनींच्या दृष्टीआड लागावयाचा. लग्नाची बायको आणि पाटाची बायको यांच्या मानात फरक असे, पहिल्या घरची मुले बहुधा बापाच्या कुळाकडे राहत, आणि अंगावरचे डागदागिने सासरी सोडून स्त्रीला नव्या उंबरठ्यावर जावे लागे. म्हणजे तिला दुसरा संसार मिळत असे, पण पहिल्या संसारात मिळवलेले सर्व काही मागे टाकूनच.

ज्या स्त्रीला ही वाटही नव्हती, किंवा जिला ती नको होती, तिच्यासाठी या भूमीने आणखी एक वाट पूर्वीच दाखवलेली आहे. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदंबा बालविधवा होती. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या सान्निध्यात तिने जे आयुष्य घडवले ते शोकाचे नव्हे, जिज्ञासेचे होते. महानुभाव ग्रंथांतून दिसणारी महदंबा सतत प्रश्न विचारणारी, उत्तराने समाधान न झाल्यास पुन्हा विचारणारी आहे, आणि विवाहप्रसंगी गावयाचे ‘धवळे’ वैधव्य भोगलेल्या याच स्त्रीने रचले आहेत. वैधव्यामुळे मंगलकार्याचा अधिकार जातो ही समजूत किती पोकळ आहे, हे सिद्ध करण्यास मराठवाड्याला यापेक्षा जुना दाखला शोधण्याची गरज नाही.

पुण्या-मुंबईच्या सुधारणावादी चळवळीचा इतिहास सर्वश्रुत असल्यामुळे त्यातील प्रस्तुत विषयाला आवश्यक तेवढेच टप्पे सांगतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. तो कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता, निजामाच्या रियासतीत त्याचा अंमल नव्हता. शिवाय त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क नष्ट होत असे. ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले आणि फसवल्या गेलेल्या विधवांना व त्यांच्या अर्भकांना स्वतःच्या घरी आश्रय दिला. त्यांचा दत्तक पुत्र यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा होय. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने १८६९ साली मुंबईत ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला, त्यावर बहिष्काराचे शस्त्र उगारले गेले, पुण्यात शास्त्रार्थाची सभा भरली, आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह करून आपल्या मताची किंमत आपणच चुकती केली.

या सर्व इतिहासात एका घरातील दोन बहिणींची कथा आम्हाला सर्वांत अधिक अर्थपूर्ण वाटते. देवरूखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई बालपणीच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा तेथे शिकावयास आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच. धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी १८९१ मध्ये निवर्तली होती. कुमारिकेशी लग्न करणे त्यांना सहज शक्य असता, विवाह करीन तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. कर्व्यांच्या मुरूड गावच्या ग्रामस्थांनी घातलेला बहिष्कार, नातलगांनी फिरवलेल्या पाठी, हे सर्व सोसून, विवाहानंतर आनंदीबाई झालेल्या या स्त्रीने पुढे कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, स्वतःचा संसार केला आणि ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहून आपल्या जीवनाचा हिशेब आपल्याच शब्दांत दिला. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनाही तारुण्यात वैधव्य आले. पदरी मुलगा होता. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. हिंगण्याच्या त्याच आश्रमाला त्यांनी सर्वस्व वाहिले, केशवपनाचा रिवाज स्वतःपुरता मोडून दाखवला, आणि १९१८ मध्ये इंग्रजी जेमतेम येत असताना अमेरिकेपर्यंत प्रवास केला. एकीने प्रेमाचा आणि सहजीवनाचा मार्ग स्वीकारला, दुसरीने कार्याचा. दोघींचे दुःख निवले, आणि दोघींच्या बाबतीत ते निवण्याचा प्रारंभ शिक्षणाने व स्वतःच्या पायावर उभे राहण्याने झाला. आनंदीबाई पत्नी होण्यापूर्वी काही वर्षे विद्यार्थिनी होत्या, ही गोष्ट सुधारणेच्या इतिहासात जितकी अधोरेखित व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही.

उच्चवर्णीयांत हा दरवाजा किलकिला होत असतानाच दुसरीकडे तो बंद होत होता, हे या इतिहासातील दुःखद वैचित्र्य होय. क्षत्रियत्वाचा आणि कुलीनतेचा दावा करणाऱ्या मराठा घराण्यांनी पाट लावणे हे हलकेपणाचे लक्षण ठरवले, त्यांचे पाहून इतर समाजांतील सधन कुटुंबांनीही तोच कित्ता गिरवला, आणि जी सोय शेतकऱ्याच्या सुनेला पूर्वापार होती ती घराण्याच्या अब्रूखातर हिरावून घेतली गेली. मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्यात बसून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तीत पुरुषाला जे निःसंकोच करता येते ते स्त्रीला का करता येऊ नये, हा रोकडा सवाल त्यांनी केला. सुरतच्या एका विधवेच्या खटल्याने त्या लेखनाला निमित्त दिले असले, तरी त्यातील संताप आपल्या भोवतालच्या घराघरांतून आलेला होता. आजही भोकर-उमरीकडील एखाद्या बड्या घरात तरुण सुनेच्या पुनर्विवाहाचा विषय निघाला की ‘आपल्यात तसं नसतं’ हे जे उत्तर मिळते, ते पुरातन परंपरेचे नसून अर्वाचीन प्रतिष्ठेचे आहे.

कायद्याच्या प्रांतात गेल्या पाऊणशे वर्षांत झालेले स्थित्यंतर मोठे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा घटक बनला. दरम्यान, ज्या हिंदू संहितेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा त्याग केला होता तिचे निरनिराळे अंश अधिनियमांच्या रूपाने संमत झाले. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने घटस्फोटाचा हक्क दिला आणि जेथे रूढीने काडीमोड चालत असे तेथे ती रूढीही राखून ठेवली. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट आणला आणि हुकूमनाम्यानंतर पुनर्विवाहासाठी वर्षभर थांबण्याची अट काढून टाकली. १९५६ च्या उत्तराधिकार अधिनियमाने विधवेला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने पतीच्या मिळकतीत पूर्ण मालकीचा हिस्सा दिला. १८५६ चा तो जुना कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, आणि पुनर्विवाह केलेल्या काही विधवांना वारसाहक्कापासून वंचित ठेवणारे कलम २००५ मध्ये वगळले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की एकदा वारसाहक्काने प्राप्त झालेली मिळकत पुनर्विवाहामुळे विधवेच्या हातून जात नाही. याचा अर्थ, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या पाटाच्या रिवाजात जे मागे टाकावे लागे, ते आज कायद्याने मागे टाकावे लागत नाही. परंतु ही गोष्ट ज्या स्त्रीला ठाऊक असावयास हवी तिच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते. ‘दुसरं घर केलंस तर इथल्या शिवारात तुझं काही नाही’, असे दीर-भाये तिला सांगतात आणि ते ऐकून ती गप्प राहते.

मुसलमान समाजाचा विचार केल्यावाचून नांदेड जिल्ह्यातील स्त्रीप्रश्नाचा कोणताही आढावा पूर्ण होत नाही. इस्लामी धर्मशास्त्रात विधवेचा आणि तलाक झालेल्या स्त्रीचा निकाह इद्दतीची मुदत सरल्यावर सर्वथा मान्य आहे. तेथे अडचण पुनर्विवाहाच्या मनाईची नव्हती, तर एका दमात दिल्या जाणाऱ्या तलाकाने स्त्रीच्या डोक्यावरचे छप्पर केव्हाही उडून जाण्याची होती. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात स्त्रियांना बरोबर घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या स्थापनेपासून पन्नास वर्षांच्या आत, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तोंडी त्रिवार तलाक अवैध ठरवला आणि २०१९ मध्ये त्यावर कायदाही झाला. मेहेरची रक्कम कागदावर नाममात्र राहणे आणि तलाकानंतर मुलांसह माहेरी परतलेल्या स्त्रीला भावजयीच्या संसारात कोपऱ्यात दिवस काढावे लागणे, हे दुःख मात्र कोणत्याही एका धर्माचे नाही.

विधवेपेक्षाही बिकट अवस्था परित्यक्तेची, कारण तिचे दुःख कोणत्याही विधीने मान्य केलेले नसते. पती हयात असतो, कदाचित शेजारच्याच गावी दुसरी स्त्री घेऊन नांदत असतो, आणि हिला पोटगी दाव्यावाचून मिळत नाही आणि कायदेशीर घटस्फोट नसल्यामुळे पुन्हा विवाहही करता येत नाही. संगमनेर येथे १९८८ साली ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हा या स्त्रिया प्रथमच आपले दुःख वैयक्तिक कर्मभोग म्हणून न सांगता सार्वजनिक अन्याय म्हणून सांगू लागल्या. मराठवाड्यात अंबाजोगाईला शैला लोहिया यांच्या मनस्विनी प्रकल्पाने अशा स्त्रियांना आसरा आणि कायद्याची मदत दिली. पुढे कोरो या संस्थेच्या साह्याने मराठवाड्यात एकल महिला संघटना उभी राहिली, आणि विधवा, टाकलेल्या, घटस्फोटित व अविवाहित अशा सर्व स्त्रिया एका झेंड्याखाली आल्या. नवरा नसणे हीच ज्यांची ओळख ठरवली गेली होती, त्यांनी परस्परांच्या संगतीत स्वतःची ओळख घडवावी, ही कल्पनाच मुळी आरोग्यदायी आहे.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशात ४ कोटींहून अधिक विधवा स्त्रिया नोंदल्या गेल्या. मराठवाड्यात अकाली वैधव्याची आणि तुटलेल्या विवाहांची कारणे येथील अर्थव्यवस्थेतच रुजलेली आहेत. पहिले कारण बालविवाह: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण परभणी जिल्ह्यात सुमारे ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते, तर साऱ्या राज्यासाठी ते २२ टक्क्यांच्या आसपास होते. ज्या मुलीचा संसार सोळाव्या वर्षी मांडला जातो, तो मोडला तर तिच्यापुढे उभे आयुष्य उरते, आणि हाताशी ना शिक्षण असते ना कसब. दुसरे कारण शेतीची हलाखी: कापूस आणि सोयाबीन यांच्या कोरडवाहू शेतीत सावकाराच्या व बँकेच्या कर्जाखाली पिचून शेतकरी जीव देतो, आणि कर्ज, शेत, मुले व म्हातारे सासू-सासरे यांचा भार पंचविशी-तिशीतल्या स्त्रीवर येऊन पडतो. आत्महत्येचे प्रकरण चौकशीत पात्र ठरले तर शासन कुटुंबाला १ लाख रुपये देते, त्यांपैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने; अपात्र ठरले तर तेही नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा व विदर्भातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रियांना शेतजमिनीवरील हक्क मिळालेला नव्हता. तिसरा आघात कोरोनाच्या साथीचा. त्या दोन वर्षांत वैधव्य आलेल्या स्त्रियांसाठी हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने पुनर्वसन समिती स्थापन झाली आणि शासनाने ‘मिशन वात्सल्य’ या नावाने योजनांचे एकत्रीकरण केले.

एवढ्या आघातातून मन सावरते ते कसे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. शोकाला समाजाने तेरा दिवसांची मुदत घालून दिली आहे आणि त्यानंतरचा शोक स्त्रीने एकटीने, घरकाम व रोजंदारी सांभाळून, मूकपणे वाहावा अशी अपेक्षा असते. हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही, सख्ख्या पुतण्याच्या लग्नात तिने मागे उभे राहावयाचे, ओटी भरावयाला तिचा हात नको. मृत्यूने एक माणूस नेला, रूढी उरलेली सर्व माणसे नेते. झोप न येणे, छातीत धडधडणे, मुलांवर विनाकारण चिडणे, ही लक्षणे घेऊन ती शासकीय रुग्णालयात गेली तर बहुधा अशक्तपणाच्या गोळ्या घेऊन परत येते. मराठवाड्याच्या व विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ पासून सुरू झाला. मागे राहिलेल्या स्त्रियांसाठीही तितक्याच आस्थेने अशी यंत्रणा चालली पाहिजे. प्रत्यक्षात दुःखावर औषध ठरते ते संगतीचे आणि कर्तृत्वाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त केली, त्यानंतर घरबांधणीच्या आणि दुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले. कुटुंबे गमावलेल्या स्त्रिया त्या कामात सिमेंटचा आणि मजुरीचा हिशेब अधिकाऱ्यांना विचारू लागल्या. बचतगटाच्या बैठकीत आपल्याच नावाने कर्ज घेणारी, अंगणवाडीत किंवा आशा कार्यकर्ती म्हणून काम करणारी एकल स्त्री काही वर्षांत जशी खंबीर झालेली दिसते, तशी केवळ सहानुभूतीने होत नाही. भाजलेल्या शेतात पहिल्या पावसाआधी जशी नांगरट करावी लागते, तसे मनाच्या पुनरुत्थानाआधी हे काम आहे. प्रेमाचे बीज त्यानंतर रुजो वा न रुजो, जमीन तिची स्वतःची झालेली असते.

आणि जमीन तिची होणे म्हणजे अगदी शब्दशः सातबाऱ्यावर तिचे नाव लागणे. पतीच्या मृत्यूनंतर तलाठ्याकडे वारसाची नोंद करून फेरफार मंजूर करून घेतला नाही, तर कायद्याने मिळालेला हिस्सा कागदावर उतरत नाही, पीककर्ज मिळत नाही, पीकविमा मिळत नाही, आणि उद्या ती दुसरा विवाह करावयास निघाली की घरातील लोक निर्धास्तपणे तिला रिकाम्या हाताने वाटेला लावतात. योजनांची रचनाही या बाबतीत स्त्रीच्या विरोधात जाते. विधवेला मिळणारे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आज दरमहा १,५०० रुपये आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन पुनर्विवाहाबरोबर बंद होते. सासऱ्याकडून मिळणारा निर्वाहखर्च आणि पहिल्या पतीकडून मिळणारी पोटगी यांचीही तीच गत. नव्या पतीची मिळकत बेभरवशाची असेल तर हातची दीड हजारांची खात्री सोडून प्रेमाची अनिश्चितता पत्करण्याचे धाडस कोणती स्त्री करील? पुनर्विवाहानंतर निदान दोन वर्षे हे अनुदान चालू राहावे, म्हणजे नवा संसार स्थिरावण्यास अवधी मिळेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. न्यायालयांची दृष्टी याबाबत अधिक उदार झालेली दिसते. अपघातात पती गमावलेल्या एका अत्यंत तरुण विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिची भरपाई अडवू पाहणाऱ्या विमा कंपनीला मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सुनावले की भरपाई मिळावी म्हणून स्त्रीने आयुष्यभर विधवाच राहावे अशी अपेक्षा करता येणार नाही.

दुसऱ्या विवाहाचे जे प्रकार आज ग्रामीण भागात होतात, त्यांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. पहिला प्रकार दिराशी लग्न लावून देण्याचा. मुले घरात राहतात, शेताची वाटणी टळते, सासू-सासऱ्यांचा आधार टिकतो, हे त्याचे गुण खरे. आणि ज्याला ती काल ‘भाऊजी’ म्हणत होती त्याच्याशी तिचे मन कालांतराने जुळले, अशी घरेही आहेत. परंतु जेथे दीर वयाने लहान, त्याची स्वतःची इच्छा दुसरीकडे आणि तिचा होकार केवळ मौनातून काढलेला, तेथे हा विवाह जमिनीशी लावलेला असतो, माणसाशी नव्हे. दुसरा प्रकार बिजवराचा. पत्नी वारलेला, दोन-तीन मुलांचा बाप, घर सांभाळावयाला कोणीतरी हवी म्हणून विधवेला किंवा घटस्फोटितेला मागणी घालतो. त्याची मुले तिने पोटची मानावीत ही अट असते, आणि तिची मुले आजोळी ठेवून यावीत ही त्याहून मोठी अट. पहिल्या अटीत कर्तव्य आहे, दुसरीत क्रौर्य आहे. आईपासून मुलाला तोडून बांधलेल्या घरात प्रेमाला जागा कोठून मिळणार? तिसरा प्रकार अजून विरळ, पण वाढता: शिक्षिका, परिचारिका, ग्रामपंचायतीतील कर्मचारी, दुकान चालवणारी स्त्री, ही कामाच्या निमित्ताने भेटलेल्या समदुःखी पुरुषाला ओळखू लागते, वर्ष-दोन वर्षे बोलणे होते, मुलांची भेट घडते, आणि मग दोघे मिळून निर्णय घेतात. या तिसऱ्या प्रकारात विवाहापूर्वी परिचय आहे, आणि परिचयाला लागणारा काळ व मोकळीक मिळण्याचे कारण स्त्रीची स्वतःची मिळकत हे आहे. लग्नाआधी सहवासाने परस्परांना ओळखण्याची ही संधी तिच्या पहिल्या लग्नात तिला कोणी दिलेली नव्हती.

मुलांच्या नावाचा प्रश्नही आता पूर्वीसारखा अवघड राहिलेला नाही. पुनर्विवाहित विधवेला आपल्या मुलाला नव्या पतीचे आडनाव देता येईल, नैसर्गिक पालक म्हणून तो निर्णय तिचा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. आणि १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात शासकीय दस्तऐवजांवर बालकाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याची पद्धत सुरू झाली. मूल कोणाचे, याचे उत्तर आईच्या नावाने देता येणे, ही एकल मातेच्या दृष्टीने साधी सुधारणा नव्हे.

वयाची पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्रियांचा विचार तर आपण जवळजवळ करतच नाही. मुले पुण्याला किंवा हैदराबादला, घरात ती एकटी, आणि सोबतीचा विचार मनात आला तरी ओठांवर आणण्याची चोरी. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ स्थापून कित्येकांच्या उतारवयाला सोबत मिळवून दिली. तेथे जे शक्य झाले ते तालुक्याच्या गावी लगेच होईल असे नाही, पण म्हातारपणी आईने पुन्हा संसार मांडला तर मुलांची अब्रू जाते, ही समजूत मुलांनीच टाकून द्यावयाची आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. या ठरावाचे महत्त्व आम्ही फार मानतो, कारण तो कोणा एका सुधारकाचा नसून गावाने गावाशी केलेला करार आहे. मराठवाड्यातील ग्रामसभांनी त्याच्या एक पाऊल पुढे जावे. पतीच्या निधनानंतर तीन महिन्यांत वारसाचा फेरफार विधवेच्या नावासह मंजूर झाला की नाही, हे ग्रामसभेने विचारावे. घटस्फोटाची आणि पोटगीची प्रकरणे रेंगाळत असतील तर तालुका विधिसेवा समितीकडून वकील मिळवून द्यावा. आणि गावातील कोणत्याही स्त्रीचा दुसरा विवाह असेल तर त्याची पत्रिका छापावी, तो दिवसाउजेडी, सामुदायिक विवाह सोहळ्यात इतर जोडप्यांच्या शेजारच्या पाटावर व्हावा, आणि सुवासिनींनीच तिला हळद लावावी.

एवढे करूनही काही स्त्रिया पुन्हा विवाह करणार नाहीत, आणि त्यांनी तो करावा असा आग्रह धरणे हाही एक जुलूमच ठरेल. पार्वतीबाईंचा मार्ग आनंदीबाईंच्या मार्गापेक्षा उणा नव्हता. समाजाने पाहावयाचे ते एवढेच की एकटी राहणारी स्त्री नाइलाजाने एकटी राहत नाही ना, आणि दुसरे घर करणारी स्त्री नाइलाजाने घर करीत नाही ना. जिच्या नावावर शेत आहे, जिच्या हाताला काम आहे, जिची मुले तिच्याजवळ आहेत आणि जिच्या कपाळाकडे पाहून कोणी वाट बदलत नाही, ती स्त्री ‘हो’ म्हणाली तर त्या होकाराला प्रेम म्हणता येईल, आणि ‘नको’ म्हणाली तर त्या नकाराला स्वातंत्र्य. त्या चार गोष्टी तिला मिळवून देणे हे तिच्या भावी पतीचे काम नाही; ते तिच्या सासर-माहेरचे, ग्रामसभेचे, तलाठी-तहसीलदारांचे आणि आपणा सर्वांचे आहे, आणि कायदा अनुकूल झालेला असताना ते लांबणीवर टाकण्यास आता कोणतीही सबब उरलेली नाही.